चेकडिस्क: भरवशाचं अवजार, पण कॉपी काढल्यानंतर

विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये चेकडिस्क आयतं मिळतं. पैसे नाहीत, डाउनलोड नाही, इंटरनेटही लागत नाही. हार्ड डिस्कवरची फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची व्यवस्था, तपासायची आणि विस्कटली असेल तर सावरायची, एवढंच त्याचं काम, आणि ते काम ते चोख करतं. पाचपैकी चार तारे मी आनंदाने देतो. पाचवा का राखून ठेवला ते मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण चुकीच्या डिस्कवर चुकीच्या वेळी चालवलं तर हेच अवजार होतं नव्हतं ते घालवू शकतं. तसं झालेलं मी पाहिलं आहे.

माझा गोव्यात माशेलला व्हिडिओचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं-मुंजी असतातच, पण माझा जीव रमतो तो जत्रेतल्या नाटकांत. आमच्याकडे देवळाच्या जत्रेला गावचीच माणसं संगीत नाटक उभं करतात. दिवसभर शेतात, बँकेत, शाळेत राबलेला माणूस रात्री शालू नेसून किंवा फेटा बांधून रंगमंचावर येतो. पालखी देवळात परतली की उशिरा पडदा वर जातो आणि शेवटचा अंक संपेस्तोवर उजाडायला येतं. ही नाटकं पुन्हा होत नाहीत. पुढच्या वर्षी नाटक वेगळं असतं, नट वेगळे असतात, काही नट तर नसतातच. चार तासांचं नाटक सेकंदाला १०० मेगाबिटच्या दराने टिपलं तर एका कॅमेऱ्याचे १८० जीबी होतात; दोन कॅमेरे लावले की ३६०. त्यात भजनी सप्ताह, काले, चवथीतल्या घुमट आरत्या. कपाटात डिस्कांची रांग लागते आणि त्यातली प्रत्येक डिस्क कुणाच्या तरी बापाचा, आजोबाचा आवाज सांभाळून असते. म्हणून फाइल सिस्टिम तपासणं हा विषय मी गांभीर्याने घेतो.

आता गोव्याचा पाऊस. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो येतो आणि सप्टेंबरपर्यंत ३००० मिलिमीटरच्या आसपास ओतून जातो. त्याआधी मे महिन्यात वळवाचे गडगडाट असतात. माड वाकतात, फांद्या तारांवर पडतात, लाइट जाते, येते, परत जाते. डिस्कवर काही लिहिलं जात असताना लाइट गेली तर नेमकं काय बिघडतं, हे समजून घेतल्याशिवाय चेकडिस्कचं मोल कळत नाही आणि त्याची मर्यादाही कळत नाही.

गोव्यातल्या माणसाला हे एक-चौदाच्या उताऱ्यावरून पटकन कळेल. जमीन जमिनीच्या जागी असते. ती कोणाची, किती, हद्द कुठवर, हे उताऱ्यावर असतं. डिस्कवरही तसंच. व्हिडिओचा मजकूर डिस्कभर विखुरलेल्या तुकड्यांत असतो आणि कुठला तुकडा कुठल्या फाइलचा, कुठली जागा मोकळी, ही नोंद वेगळीकडे असते. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर या मुख्य नोंदवहीला मास्टर फाइल टेबल म्हणतात. लाइट गेली तेव्हा तुकडा लिहून झाला पण नोंद व्हायची राहिली, किंवा नोंद झाली आणि तुकडा राहिला, की दोन्हींचा मेळ तुटतो. चेकडिस्क हा मेळ पुन्हा घालतं. ते उतारा दुरुस्त करतं. जमीन खचली असेल तर तिला ते काही करू शकत नाही, आणि उतारा जुळवण्यासाठी एखादी नोंद खोडावी लागली तर ती खोडायला ते कचरतही नाही. त्याची निष्ठा नोंदवहीशी आहे, तुमच्या फाइलशी नाही. मला या परीक्षणात मुख्य सांगायचं आहे ते हेच.

अवजार जुनं आहे. टिम पॅटरसनने १९८० च्या सुमारास ८६-डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ते लिहिलं आणि १९८१ मध्ये आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर आलेल्या डॉसमध्ये ते होतं. मध्ये स्कॅनडिस्कचा जमाना येऊन गेला. विंडोज ९५-९८ च्या काळात कॉम्प्युटर नीट बंद केला नाही की सुरू होताना जी निळी पाटी यायची, ती स्कॅनडिस्कची. एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली आणि तिने मोठी सोय केली: नोंदवहीत बदल करण्याआधी तो बदल एका रोजनिशीत टिपून ठेवायचा. लाइट गेली तरी पुढच्या वेळी रोजनिशी पाहून अर्धवट काम पुरं करता येतं किंवा मागे घेता येतं. म्हणून आज एनटीएफएस डिस्कवर लाइट गेली तरी बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण ही रोजनिशी नोंदींचं रक्षण करते, फाइलच्या आतल्या मजकुराचं नाही. आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर, मॅक-विंडोज दोन्हींकडे फिरणाऱ्या एक्सटर्नल डिस्कांवर जी एक्सफॅट पद्धत असते, तिला ही रोजनिशीच नाही. माझ्याकडे बिघडून येणाऱ्या डिस्कांत एक्सफॅटवाल्या जास्त असतात, त्याचं कारण हे.

वापरायचं कसं, ते सांगतो. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, त्यावर राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आज्ञा टाइप करताना इंग्रजी सी, एच, के, डी, एस, के ही सहा अक्षरं, मग जागा सोडून ड्राइव्हचं अक्षर आणि विसर्गासारखं कोलन. डिस्क ई असेल तर चेकडिस्क ई: एवढंच. पुढे काहीच जोडलं नाही तर ते फक्त वाचतं, काही बदलत नाही. सुरुवात कायम इथून करावी. एक लक्षात ठेवायचं: चालू असलेल्या ड्राइव्हवर, म्हणजे सी वर, असं नुसतं वाचताना फाइली उघड्या असल्यामुळे नसलेल्या चुकाही दिसू शकतात. त्या पाहून घाबरू नये.

स्लॅश एफ जोडलं की दुरुस्ती सुरू होते. त्यासाठी त्याला ड्राइव्ह एकट्याच्या ताब्यात लागतो. सी असेल तर ते विचारतं, पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू होताना तपासू का? वाय दाबायचं. एनटीएफएसवर तीन टप्पे दिसतात: आधी मूळ नोंदी, मग फोल्डर आणि फाइलींची नावं एकमेकांशी जुळतात का, मग कोणाला कुठली फाइल उघडायचा हक्क आहे त्याच्या नोंदी. फाइलींच्या संख्येवर वेळ अवलंबून असतो, पण निरोगी डिस्कवर हे चहा होईस्तोवर आटोपतं.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, स्लॅश स्कॅन आलं आणि ते मला मनापासून आवडतं. एनटीएफएस ड्राइव्ह चालू असताना, आपलं काम न थांबवता ते तपासतं. जिथल्या तिथे होण्यासारखी दुरुस्ती करून टाकतं आणि उरलेल्या चुकांची यादी ठेवतं; मग स्लॅश स्पॉटफिक्सने तेवढ्याच जागा पटकन दुरुस्त होतात. संकलन चालू असताना मागे हे लावून ठेवता येतं. ज्यांना काळ्या खिडकीत टाइप करायची भीती वाटते त्यांनी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, टूल्स आणि चेक हे बटण दाबावं. घरच्या कॉम्प्युटरला तेवढं पुरे.

आणि आता स्लॅश आर. लोक एकमेकांना सांगतात, "डिस्क स्लो झाली? स्लॅश आर मार." हा सल्ला ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. स्लॅश आर हे स्लॅश एफचं सगळं काम करतं आणि वर आणखी दोन टप्पे जोडतं: फाइलींनी व्यापलेली जागा आणि मग मोकळी जागा, दोन्ही शेवटपर्यंत वाचून पाहतं. २ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तरी साडेपाच तास. ४ टीबीची अकरा. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला लावली असेल तर २ टीबीलाच पंधरा-सोळा तास जातील. निरोगी डिस्कला हा नुसता वेळेचा खर्च. पण जी डिस्क आतून मरायला लागली आहे, तिच्या दृष्टीने ही जीवघेणी कसरत. खराब जागी वाचन अडलं की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, हेड तिथेच घोटाळतं, आणि जी फाइल अजून वाचता आली असती ती वाचायच्या आधीच डिस्क दम तोडते. खराब तुकडा सापडला की चेकडिस्क तो बाजूला टाकून फाइलला दुसरा तुकडा जोडतं. जे वाचता आलं नाही ते कायमचं गेलं. आधी विचारत नाही, आणि नंतर मागे फिरायची सोय नाही.

डिचोली तालुक्यातल्या एका नाट्यमंडळाची डिस्क माझ्याकडे आली ती अशीच. मंडळाचे बुवा, ज्यांनी कित्येक वर्षं ऑर्गनवर साथ केली आणि गरज पडली तेव्हा तोंडाला रंग लावून पदंही गायली, ते वारले होते. वर्षश्राद्धाला त्यांचं गाणं लावायचं म्हणून डिस्क शोधली तर ती उघडेना. मंडळींनी ती दुसऱ्या एका ठिकाणी नेली. तिथे कोणी तरी रात्रभर स्लॅश आर लावून ठेवलं. सकाळी टक्केवारी होती तिथेच अडकलेली आणि डिस्कमधून टकटक आवाज येत होता. सेक्रेटरी काका माझ्याकडे आले तेव्हा डिस्क रुमालात गुंडाळून आणली होती.

"भाई, नाटक गेलं तरी चालेल," ते म्हणाले, "बुवांचं दुसऱ्या अंकातलं ते पद तेवढं मिळू दे."

मी म्हटलं, "काका, डिस्क इथे ठेवा. आता घरी नेऊन कोणी लावून बघायची नाही."

अशा डिस्कवर मी चेकडिस्क चालवत नाही. लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून ग्नू डीडीरेस्क्यू चालवतो. हे अवजार फाइलींचा विचारच करत नाही. अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवतं. आधी सहज वाचता येणारा भाग उचलून घेतं, अडचणीच्या जागा मागे ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. कुठवर आलो याची नोंद एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे डिस्क मध्येच दमली तर थांबवून, गार होऊ देऊन पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. बहुतेक सगळं उतरलं. मग, आणि मगच, त्या प्रतीवर चेकडिस्क स्लॅश एफ चालवलं. तुटलेली फोल्डरं जागेवर आली, नावांसकट. इथे चेकडिस्कने आपलं काम उत्तम केलं, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. शेवटच्या अंकाचा मोठा भाग गेला. पद मिळालं, मधल्या आलापीची काही सेकंदं सोडून. काकांनी ते माझ्या हेडफोनवर ऐकलं आणि बराच वेळ हेडफोन काढला नाही.

आधी डिस्कची तब्येत पाहिली असती तर ती आलापीही वाचली असती, असं मला आजही वाटतं. चेकडिस्कचा मोठा दोष हाच आहे: डिस्क स्वतः धडधाकट आहे की नाही, ते तपासत नाही आणि सांगतही नाही. फाइल सिस्टिम बिघडली ती लाइट गेल्यामुळे की डिस्क मरते आहे म्हणून, हा भेद त्याच्या लेखी नाहीच. आपल्याला मात्र सगळ्यात आधी तोच हवा असतो.

त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. हेही फुकट. एका जपानी विकसकाचं, कोड खुला आहे, आणि उघडलं की क्षणात उत्तर देतं: निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. हे तीच वाचून दाखवतं. मी रंगावर थांबत नाही, तीन-चार ओळी स्वतः पाहतो. ०५ म्हणजे किती खराब सेक्टरांच्या, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या, जागी राखीव सेक्टर घ्यावे लागले. सी५ म्हणजे किती सेक्टर संशयित आहेत, वाचता येत नाहीत. सी६ म्हणजे किती सुधारता आलेच नाहीत. सी५ मध्ये शून्याखेरीज काही दिसलं की माझ्याकडे त्या डिस्कवर चेकडिस्क बंद, आधी प्रत. सी७ वाढलेला असेल तर बहुधा केबलचा दोष असतो, डिस्कचा नाही. केबल बदलून पाहावी. आकडे सुरुवातीला सोळाच्या पद्धतीत दिसतात आणि गोंधळ होतो. फंक्शन मेन्यूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज दहाच्या पद्धतीत करून घ्यावेत. काही स्वस्त यूएसबी डब्यांतून स्मार्टची माहिती बाहेरच येत नाही. तेव्हा डिस्क डब्यातून काढून दुसऱ्या जोडणीवर लावावी लागते.

पण निळा रंग म्हणजे हमीपत्र नव्हे. गूगलने २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे: वाचनाच्या तपासणीत पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे स्मार्ट गप्प असेल तर निर्धास्त होता येत नाही, आणि बोललं तर मात्र त्याच दिवशी ऐकायचं. सल्ला विचारायला येणाऱ्या प्रत्येक मंडळाला मी हे दोन आकडे सांगतो.

चेकडिस्कबद्दलच्या बाकीच्या तक्रारी छोट्या आहेत, पण आहेत. टक्केवारीवर विसंबता येत नाही. १० वर तासभर बसून मग एकदम पुढे सरकते. कॉम्प्युटर सुरू होताना स्कॅनिंग अँड रिपेअरिंग अशी ओळ अडकलेली दिसली की घरचे लोक घाबरून बटण दाबून बंद करतात. मध्येच तोडू नये असं मायक्रोसॉफ्टही सांगतं, पण तोडल्याने ड्राइव्ह आधीपेक्षा जास्त बिघडायला नको, असंही त्यांनीच लिहिलं आहे. तेव्हा लाइट जाऊन तपासणी तुटली तर हातपाय गाळू नयेत. डिसेंबर २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर स्लॅश एफ चालवलेले काही कॉम्प्युटर सुरूच होईनासे झाले होते. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं आणि दुरुस्ती दिली. इतक्या जुन्या, इतक्या भरवशाच्या अवजारालाही असं होऊ शकतं, म्हणून प्रतीचा आग्रह.

अहवाल तर शोधून काढावा लागतो. सुरू होताना झालेली तपासणी पडद्यावरून निघून जाते आणि काय दुरुस्त केलं ते कळत नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आणि विनइनिट नावाची नोंद शोधा. आपण स्वतः चालू ठेवून चालवलेल्या तपासणीची नोंद चेकडिस्क या नावाने असते. कुठल्या फाइलला हात लागला, किती केबी खराब जागेत आहेत, सगळं तिथे आहे. हे बटण समोर असायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

एक्सटर्नल डिस्क लावल्यावर द टाइप ऑफ द फाइल सिस्टिम इज रॉ असा निरोप आला, तर चेकडिस्क तिथेच थांबतं. त्याला नोंदवही ओळखूच आलेली नसते. विंडोज त्याच वेळी फॉरमॅट करू का म्हणून विचारतं. नाही म्हणायचं. अशा वेळी हरवलेली नोंद शोधणारं टेस्टडिस्क उपयोगी पडतं, तेही फुकट आहे. आणि मॅकवाल्यांनी ध्यानात घ्यावं: मॅकची डिस्क युटिलिटी एनटीएफएस दुरुस्त करत नाही. लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स थोडी डागडुजी करतं, पण चेकडिस्कची जागा घेत नाही. एनटीएफएस डिस्क विंडोजवरच तपासायची.

कॅमेऱ्याच्या कार्डाविषयी माझं मत कडक आहे: त्यावर चेकडिस्क चालवूच नये, निदान चित्रण बाहेर काढेपर्यंत. चित्रण चालू असताना बॅटरी संपली तर एमपी४ फाइल अर्धवट राहते, कारण फाइल कशी वाचायची याची सूची बहुतेक कॅमेरे शेवटी लिहितात. ही चूक फाइलच्या आतली. चेकडिस्क तिथवर पोचत नाही. उलट बेवारस दिसलेले तुकडे गोळा करून फाउंड.००० अशा थाटाच्या फोल्डरात सीएचके नावाच्या फाइली करून ठेवतं, आणि एक्सफॅट कार्डावर मोठ्या व्हिडिओचे तुकडे असे विखुरले की जोडणाऱ्याचा कस लागतो. कार्ड तसंच बाजूला काढावं, बाजूची कुलपाची खिट्टी सरकवावी, दुसऱ्या कार्डावर पुढचा अंक घ्यावा आणि घरी येऊन फोटोरेक किंवा तत्सम, फाइली परत मिळवणाऱ्या अवजाराने कार्डाच्या प्रतीवर काम करावं. एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, स्लॅश आरला फारसा अर्थ उरत नाही. स्लॅश स्कॅन किंवा फार तर स्लॅश एफ पुरे.

मुळात मेळ तुटू नये यासाठी थोडं. गोव्यात घराघरांत इन्व्हर्टर आहे, पण लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला त्याला लागणारा क्षणही डेस्कटॉपला जड जातो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं एक बटण असतं, ते चालू करावं. कामाच्या कॉम्प्युटरला छोटा वेगळा यूपीएस घेतलेला उत्तम. एक्सटर्नल डिस्कसाठी विंडोज १० च्या २०१८ सालच्या १८०९ आवृत्तीपासून क्विक रिमूव्हल ही पद्धत मुळातच लावलेली असते, त्यामुळे लिहायचं राहिलेलं फारसं मागे उरत नाही. तरी कॉपी चालू असताना वायर ओढली तर ती फाइल गेलीच. इजेक्ट करायला चार सेकंद लागतात. दमट हवेत डिस्का उघड्या फडताळात ठेवू नयेत. मी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवतो आणि पावसाळ्यात पाकिटं बदलतो.

फाइल सिस्टिम डागाळलेली आहे का, एवढंच पाहायचं असेल तर एफएसयूटिल डर्टी क्वेरी आणि ड्राइव्हचं अक्षर टाइप करा. नॉट डर्टी आलं तर तपासणी प्रलंबित नाही. जत्रेहून परतल्यावर दिवसाचं चित्रण दोन डिस्कांवर उतरवलं की मी हे करतो, मग क्रिस्टलडिस्कइन्फो, मग स्लॅश स्कॅन. दोन्ही प्रती तपासून झाल्याशिवाय कार्ड पुसत नाही.

आमच्या भागातली नाट्यमंडळं आणि भजनी मंडळं यांना एक विनंती. न उघडणारी डिस्क माझ्याकडे किंवा कोणाकडेही नेताना तिची स्वतःची केबल बरोबर न्या, आणि तिच्यावर आधी कोणी काय चालवलं ते कागदावर लिहून न्या: स्लॅश एफ, स्लॅश आर, फॉरमॅट, काहीही. ती टकटक करत असेल तर पुन्हा जोडून पाहू नका, तशीच न्या.